१८५०च्या दशकातल्या फोटोत ग्रीक तत्त्वज्ञ डायोजिनिसचं रेखाचित्र दिसतं, तर त्यातल्या छटा मूळ चित्रासारख्याच धरायच्या का?

नाही, रेषा खऱ्या धरा, छटा नाही. तेव्हाच्या काचेच्या निगेटिव्हना मुख्यतः निळा-जांभळा प्रकाशच 'दिसायचा'. लाल-पिवळं सगळं काळपट उतरायचं. इटालियन चित्रकार राफाएलने 'स्कूल ऑफ अथेन्स' या भित्तिचित्रासाठी काढलेला पायऱ्यांवर रेललेला डायोजिनिस (सध्या फ्रँकफर्टच्या श्टेडेल संग्रहालयात) गुलाबी कागदावर आहे. तो कागद अशा फोटोत उगाच गडद वाटेल, जुने पिवळे डाग तर आणखी ठळक. तरी अभ्यासाला हे फोटो फार कामाचे: ब्रिटनच्या राणी व्हिक्टोरियाचा नवरा प्रिन्स अल्बर्टने १८५३पासून राफाएलच्या कामाच्या प्रतिकृती जमवल्या, त्यात फोटोही होते. फक्त चित्रातला चेहरा खऱ्या डायोजिनिसचा धरू नका. डायोजिनिस इ.स.पू. चौथ्या शतकातला, चित्र सोळाव्यातलं.