वाचकांचे प्रश्न : रिमॅपने गाडीची ताकद किती वाढते?

या महिन्यात नागपूरच्या वाचकांची पत्रं बरीचशी एकाच मुद्द्यावर आहेत : गाडीला आणखी दम कसा आणायचा? रिमॅप म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकाचं (ईसीयूचं) प्रोग्रॅमिंग बदलणं; ताकद पीएसमध्ये, म्हणजे अश्वशक्तीत, मोजतात. उत्तर गाडीगणिक बदलतं, म्हणून पत्रं वेगवेगळी घेतली आहेत.

प्रश्न : माझी २०१९ ची स्विफ्ट पेट्रोल आहे, ८३ पीएस. कोन फिल्टर, फ्री-फ्लो सायलेन्सर आणि रिमॅप मिळून ६० हजारांत ११० पीएस होतील असं गॅरेजवाले सांगतात. करून घेऊ का? (मानेवाडा)

११० होणार नाहीत. कागदावर हिशोब मांडून पाहा. टॉर्कला (इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला) आरपीएमने गुणायचं आणि ७०२३ ने भागायचं, की पीएस मिळतात. तुमच्या इंजिनाचे ८३ पीएस ६००० आरपीएमला येतात, म्हणजे तिथे टॉर्क सुमारे ९७ न्यूटन-मीटर आहे. त्याच आरपीएमला ११० पीएस हवे असतील तर १२९ न्यूटन-मीटर लागतील. या इंजिनाचा जास्तीत जास्त टॉर्कच ११३ आहे, तोही ४२०० आरपीएमला, जिथे सिलिंडर सर्वांत चांगला भरतो. टर्बो (हवा दाबून भरणारा पंखा) नसलेलं इंजिन हवा स्वतःच्या बळावर ओढतं. फिल्टर आणि सायलेन्सर बदलल्याने ती हवा एक तृतीयांशाने वाढत नाही. तिन्ही कामं उत्तम झाली तरी ५ ते ७ पीएस हाती लागतील आणि ते ४५०० आरपीएमच्या वर जाणवतील. शहरात तुम्ही बहुतेक वेळ ३००० च्या खाली असता.

त्यात आपल्याकडचा उन्हाळा. २५ अंशांच्या हवेपेक्षा ४६ अंशांच्या हवेत तेवढ्याच जागेत साडेसहा टक्के हवा कमी मावते. म्हणजे नवतपात दुपारी तुमच्या ८३ पीएसचे ७७-७८ च उरतात. शिवाय नॉकिंग (इंधन आपोआप अवेळी पेटून होणारी ठकठक) टाळायला ईसीयू स्पार्क उशिरा देतो, ते वेगळंच. रिमॅपने जेवढं मिळतं, जवळपास तेवढं मे महिना घेऊन जातो. बॉनेटखाली उघडा बसवलेला कोन फिल्टर हे आणखी बिघडवतो. ट्रॅफिकमध्ये तिथली हवा ६०-७० अंशांपर्यंत जाते आणि इंजिनाला तीच मिळते. कंपनीचा एअरबॉक्स पुढच्या ग्रिलमागून बाहेरची हवा घेतो. तो काढू नका, आत नवा पेपर फिल्टर टाका.

गाडी आळसावली असेल तर आधी गमावलेली ताकद परत आणा. प्लगचा गॅप १.० ते १.१ मिलिमीटर आहे का पाहा. थ्रॉटल बॉडी साफ करून घ्या. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. एकमेकांत १ बारपेक्षा जास्त फरक नको. गाडी जॅकवर घेऊन चारही चाकं हाताने फिरवा. एखादं जड फिरत असेल तर ब्रेक धरून ठेवतोय. या सगळ्याला ६० हजारांचा लहानसा हिस्सा पुरतो आणि फरक पहिल्याच दिवशी कळतो.

प्रश्न : ओबीडी सॉकेटमध्ये (बिघाड तपासायच्या सॉकेटमध्ये) लावायची ९०० रुपयांची पॉवर चिप आणि १०० ऑक्टेन पेट्रोल, यांनी काही फरक पडतो का? (जरीपटका)

अशा स्वस्त चिप उघडून पाहिलेल्यांना आत दिवे लुकलुकवणाऱ्या सर्किटपलीकडे कामाचं काही सापडलेलं नाही. घेऊ नका. ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची नॉकिंगला तोंड द्यायची क्षमता; त्यात जास्तीची ऊर्जा नसते. साध्या पेट्रोलवर नॉक न करणाऱ्या इंजिनाला त्याचा उपयोग नाही. १०० ऑक्टेन धरून मॅप केलेल्या टर्बो पेट्रोल गाडीला मात्र ते लागतंच, आणि मग दर वेळी तेच भरावं लागतं.

प्रश्न : २०१५ ची डिझायर डिझेल, १.३ इंजिन, १ लाख २० हजार किलोमीटर. रिमॅप करावा का? किती वाढ धरू? (हिंगणा रोड)

टर्बो डिझेलमध्ये वाढ खरोखर मिळते, कारण हवा आणि डिझेल दोन्ही वाढवता येतात. मूळ ७५ पीएस आणि १९० न्यूटन-मीटर आहेत. ९० पीएस आणि २२५-२३० न्यूटन-मीटर ही समंजस मर्यादा समजा. कोणी ११० देतो म्हटलं तर हा छोटा टर्बो आणि तुमचा जुना क्लच ते फार दिवस सोसणार नाहीत.

रिमॅपच्या आधीची तपासणी महत्त्वाची. इंटरकूलरचे रबरी होज हाताने दाबून बघा. सांध्याशी ताजं काळं तेल दिसलं तर बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) तिथून गळतोय. ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा व्हॉल्व्ह) आणि इनटेक मॅनिफोल्डमधली (हवा आत नेणाऱ्या नळ्यांमधली) काजळी काढून घ्या. इंजेक्टरची लीक-ऑफ चाचणी करा, म्हणजे प्रत्येकातून परतणारं डिझेल नळीत मोजा. चौघांपैकी एकाची नळी इतरांपेक्षा भराभर भरली तर तो इंजेक्टर आधी दुरुस्त करायचा. मग क्लच : मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरला २००० आरपीएमवरून एक्सलरेटरचं पॅडल पूर्ण दाबा. आरपीएमचा काटा झपकन चढला आणि वेग वाढला नाही, तर क्लच प्लेट घसरतेय. ती आज थोडी घसरत असेल तर रिमॅपनंतर आठवड्यात जळेल.

काम करणाऱ्याकडून ईसीयूच्या मूळ फाइलची प्रत मागून घ्या. रस्त्यावर लॉगिंग करायला लावा. मागितलेला बूस्ट आणि मिळालेला बूस्ट, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि हवेचं तापमान या नोंदी हव्यातच. सगळ्यांना एकच तयार फाइल टाकणाऱ्याकडे जाऊ नका. १८०० आरपीएमच्या खाली टॉर्क फार चढवू नका असं स्पष्ट सांगा. तिथे टर्बो पुरेशी हवा देत नाही आणि क्लच, गिअरबॉक्सवर ताण येतो. मागून काळा धूर निघाला तर तो ताकदीचा पुरावा मानू नका. ते अर्धवट जळलेलं डिझेल आहे. त्याने एक्झॉस्टचं तापमान चढतं आणि आधी टर्बो, मग पिस्टन जातो. रेल प्रेशरचा खोटा सिग्नल देणारे ट्युनिंग बॉक्स टाळा. ते फक्त डिझेल वाढवतात, हवेचा हिशोब ठेवत नाहीत.

फरक मोजायचा तर आधी आणि नंतर, पहाटेच्या एकाच वेळी, एकाच मोकळ्या सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरला ४० ते ८० चा वेळ घ्या, दोन्ही दिशांनी. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) मोजलंत तर लक्षात ठेवा : चाकावरचा आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा साधारण १० ते १५ टक्के कमी येतो. आधीचा इंजिनाचा आणि नंतरचा चाकाचा, अशी तुलना चालत नाही.

प्रश्न : आरटीओ आणि विम्याचं काय? (सदर)

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही, असा बदल करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धूर कलम १९०(२) मध्ये येतात. तिथे पहिल्याच गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड आहे. त्यामुळे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर किंवा डीपीएफ (डिझेलची काजळी अडवणारा फिल्टर) काढायचा सल्ला आम्ही देणार नाही. विमा कंपनीला बदल लेखी कळवा, नाहीतर दावा अडकतो.

प्रश्न : पोलो १.० टीएसआय रिमॅप केली आहे. समृद्धीवरून मुंबईला नेहमी जातो. पुढे काय बदलू? (वर्धा रोड)

ताकदीसाठी काहीच नको. ११० पीएसचे १३० च्या आसपास झाले असतील; समृद्धीवर कारला मर्यादा ताशी १२० ची आहे आणि तेवढ्याला ते पुरून उरतात. आता पैसे टायर आणि ब्रेकवर घाला. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. एवढ्या जुन्या टायरवर या रस्त्याला लागू नका. हवा सकाळी टायर थंड असताना, गाडीवरच्या कंपनीच्या स्टिकरप्रमाणे भरा. सामान आणि माणसं पूर्ण असतील तर त्यातला लोडचा आकडा घ्या. वाटेत गरम टायरचा दाब वाढलेला दिसला म्हणून हवा सोडू नका, थंड झाल्यावर तो कमी पडेल. ब्रेक ऑइल डॉट-४ असावं, दर दोन वर्षांनी बदला. इंजिन ऑइल कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घ्या, पण ७५०० किलोमीटरला बदला. आणि सहाव्या गिअरला १५०० आरपीएमवर पॅडल पूर्ण दाबून ओव्हरटेक करू नका. छोट्या टर्बो पेट्रोल इंजिनात कमी आरपीएम आणि भर बूस्ट एकत्र आले की मिश्रण स्पार्कच्या आधीच पेटतं आणि एकाच फटक्यात पिस्टनची रिंग तुटू शकते. चौथ्या गिअरवर या, मग पॅडल दाबा.