वाचकांचे प्रश्न : घरी शेती असताना मुलगा बाहेर का पडतो?

प्रश्न : स्पेनच्या कॅनरी बेटांकडे निघालेल्या आफ्रिकी तरुणांच्या होड्या बुडाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. सेनेगल, गांबिया, माली अशा देशांतली ही मुले असतात आणि कारण बहुधा गरिबीचेच दिलेले असते; पण होडीवाल्याला पैसे मोजू शकणारे घर अगदीच उपाशी नसणार. माझाच पुतण्या घरचे भात आणि काजू सोडून चोर्ला घाटाखाली गोव्यात वेर्ण्याच्या कारखान्यात गेला. विचारले तर म्हणाला, "काका, पेट्रोलला आजोबांकडे हात पसरायचा कंटाळा आला." तिकडेही असेच काही असते का?
– एक वाचक, जांबोटी (ता. खानापूर)

उत्तर : तुमच्या पुतण्याने सांगितलेले कारण गांबियातल्या एखाद्या खेड्यात कोणाला फोड करून सांगावे लागणार नाही. तिथल्या मांडिंका शेतकऱ्यांच्या बोलीत शेताला दोन नावे आहेत. 'मारुओ' म्हणजे घराचे सामाईक शेत. त्यात सगळ्यांनी राबायचे आणि धान्य कुटुंबप्रमुखाच्या ताब्यात द्यायचे. 'कामान्यांगो' म्हणजे त्या राबण्याच्या बदल्यात एकेकट्याला मिळालेला तुकडा, ज्यातले पीक, पुरुषांच्या बाबतीत बहुधा भुईमूग, त्याचे स्वतःचे. हाती चार पैसे खेळावेत अशी सोय रिवाजानेच करून ठेवलेली आहे खरी, पण भाऊ वाढले आणि पाऊस रुसला की तो तुकडा पुरेनासा होतो. वधूच्या घरी द्यायचे धन वडीलधाऱ्यांच्या हातून जाते, आणि लग्न होऊन स्वतःची चूल पेटल्याशिवाय तिशीतल्या माणसालाही गाव पुरता पुरुष मानत नाही. (आपल्याकडे उतारा आजोबांच्या नावावर असेपर्यंत पन्नाशीतला बापही 'पोरगा'च असतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.)

त्यात घरात अनेकदा एकाहून अधिक बायका असतात. एका आईच्या लेकरांमधल्या जिव्हाळ्याला मालीत 'बादेन्या' म्हणतात, तर एका बापाच्या पण वेगवेगळ्या आयांच्या मुलांमधल्या चुरशीला 'फादेन्या'. नाव काढायचे तर घराबाहेर पडून, ही कल्पना त्या दुसऱ्या शब्दातच मुरलेली आहे.

ही वाट आजची नाही. वसाहतकाळात मालीकडचे तरुण पावसाळ्यापुरते सेनेगल-गांबियाच्या भुईमुगाच्या शेतांवर येत. यजमान शेतकरी त्यांना राहायला जागा आणि पेरायला तुकडा देई, आणि ते आठवड्यातले काही दिवस त्याच्या शेतात राबत. अप्पर व्होल्टातले, म्हणजे आजच्या बुर्किना फासोतले, कित्येक जण फ्रेंचांची वेठबिगार चुकवायला ब्रिटिशांच्या गोल्ड कोस्टमध्ये, म्हणजे आजच्या घानात, पळाले. ती वेठबिगार कायद्याने संपली १९४६ साली. पुढे सेनेगल नदीच्या खोऱ्यातले सोनिंके समाजाचे लोक फ्रान्सच्या कारखान्यांत गेले, आणि १९७४ मध्ये फ्रान्सने मजुरांसाठी दार लावून घेतले. आजही पश्चिम आफ्रिकेतले बहुसंख्य स्थलांतर त्याच प्रदेशात होते, आयव्हरी कोस्टच्या कोकोच्या मळ्यांकडे किंवा शेजारच्या शहरांकडे; १९७९ च्या करारामुळे एकोवास या पश्चिम आफ्रिकी देशांच्या आर्थिक संघातल्या नागरिकांना एकमेकांकडे ९० दिवस व्हिसाविना राहता येते. होडीतले लोक त्या मानाने थोडे. मात्र छायाचित्रे त्यांचीच छापली जातात.

तरी २००६ मध्ये कॅनरी बेटांवर ३० हजारांहून अधिक जण उतरले आणि २०२४ मध्ये ४६ हजारांहून अधिक. सेनेगलच्या किनाऱ्यावर वोलोफ भाषेत म्हणतात, 'बार्सा वला बारसाख' : बार्सिलोना, नाहीतर मेल्यानंतर कयामतीपर्यंत जीव जिथे थांबतो ते ठिकाण. होडीचे पैसे अनेकदा घरचेच असतात, कधी आईच्या भिशीतले, कधी गुरे विकून आलेले. स्वतंत्र व्हायला निघालेला मुलगा अशा रीतीने घराचे ऋण डोक्यावर घेऊनच किनारा सोडतो, आणि मध्येच परत पाठवला गेला तर त्याला गावात तोंड दाखवणे अवघड होते.

परमुलखाला मालीत 'तुंगा' म्हणतात, आणि तुंगाला तुमच्या कुळाची प्रतिष्ठा ठाऊक नसते, अशी तिथे म्हण आहे. ती दुधारी आहे. अमक्याचा मुलगा म्हणून तिथे मान नाही, पण अमक्याचा मुलगा असून भांडी घासतो असे म्हणणारेही कोणी नाही.

म्हणून गरिबी हे कारण खोटे नसले तरी अपुरे आहे, असे माझे मत आहे. या मुलांना घर तोडायचे नसते, त्याच घरात वरच्या पाटावर बसायचे असते. फ्रान्समधल्या मजुरांच्या वर्गणीतून मालीच्या काय्स भागात शाळा, दवाखाने आणि मशिदी उभ्या राहिल्या, त्या काही घर विसरलेल्यांनी बांधलेल्या नाहीत.

तुमच्या पुतण्याशी तुलना एका जागी थांबते. चोर्ला घाटात त्याला कोणी परवाना विचारत नाही. चतुर्थीला तो संध्याकाळच्या बसने घरी येऊ शकतो. कागदपत्रांविना स्पेनमध्ये राहणारा मुलगा बापाच्या मयतीलाही येऊ शकत नाही, कारण एकदा बाहेर पडला की परतीची वाट पुन्हा समुद्रातूनच. पुतण्या आला की एवढे पाहा : घरावरचे पत्रे बदलायचे की नाहीत, हे आजोबा आता त्याला विचारतात का?