फुलं ढीगभर, फळ मात्र नाही

प्रश्न : भोपळा लावून सव्वा महिना झाला. वेल दणकट आहे, फुलं ढिगाने येतात आणि दुसऱ्या दिवशी गळून पडतात. एकदा टॉनिक मारून झालं. आता काय फवारू?

काहीच फवारू नका. उद्या सकाळी सातच्या आत शेतात जा आणि फुलं मागून बघा. फुलामागे नुसताच लांब, बारीक देठ असेल तर ते नर फूल. देठ आणि पाकळ्या यांच्यामध्ये बोराएवढा इवलासा भोपळा दिसला तर ते मादी. दोन्ही एकाच वेलीवर येतात, पण नर आधी येतात आणि संख्येनेही कितीतरी जास्त असतात. सुरुवातीचा आठवडाभर तर जवळपास सगळी फुलं नरच असतात. परागकण दिले की त्यांचं काम संपलं, ती गळणारच. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमची फुलगळ बहुधा हीच आहे, रोग नाही.

मादी फुलं येऊनही मागचा छोटा भोपळा पिवळा पडून गळत असेल, तर मात्र परागीभवन, म्हणजे नर फुलातले परागकण मादी फुलापर्यंत पोहोचणं, कमी पडतंय. भोपळ्याचे परागकण जड आणि चिकट असतात, वाऱ्यावर उडत नाहीत. ते वाहून न्यायला मधमाशीच लागते. फूल पहाटे उमलतं, ऊन चढलं की मिटतं आणि पुन्हा उघडत नाही. मादी फुलाला मिळते ती एवढीच सकाळ. त्या सकाळी पाऊस असला, मधमाश्या फिरकल्या नाहीत, किंवा आपणच नेमकी तेव्हा कीटकनाशकाची फवारणी केली, तर ते फूल वाया गेलं. टॉनिकचा डबा नर-मादीचं लग्न लावून देत नाही.

मधमाश्या दिसत नसतील तर हाताने परागीभवन करा. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या काढून टाका आणि आतला पिवळा दांडा मादी फुलाच्या मधल्या कुक्षीवर, म्हणजे परागकण झेलणाऱ्या टोकावर, सगळीकडून हलकेच फिरवा. एका नर फुलात दोन-तीन मादी फुलांचं काम होतं. हे काम सकाळी लवकरच उरका. दुधी आणि दोडक्याचं वेळापत्रक मात्र उलटं आहे. त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हा तिथे संध्याकाळीच जावं लागेल. फवारणीची वेळही यावरूनच ठरवा: त्या पिकाचं फूल उघडं असताना पंप बाहेर काढायचा नाही.

आणखी एक. ‘वेल दणकट आहे’ हे वाचून मला आनंद कमी आणि शंका जास्त आली. युरियाचा हात सैल सुटला की वेल पानांवर जाते आणि मादी फुलं येणं लांबतं. पुढचा हप्ता तूर्त थांबवा.

प्रश्न : काकडी एका बाजूला फुगते, दुसरीकडे बारीक राहून वाकडी होते. बियाणं खराब निघालं का?

बियाण्याला लगेच दोष देऊ नका. वाकडी काकडी आडवी कापून बघा. बारीक राहिलेल्या भागात बिया भरलेल्या नसतील तर कारण तिथेच सापडलं. कुक्षीवर पडलेला परागकण रुजतो, त्याची नळी आत उतरून बीजांडापर्यंत पोहोचते आणि मग बी धरतं. एका बीसाठी एक परागकण, असा हा हिशेब आहे. वाढणाऱ्या बिया संजीवकं (वाढ घडवणारी द्रव्यं) सोडतात आणि त्यांच्या जोरावर भोवतालचा गर पोसतो. जिथे बी नाही तिथे गर मागे पडतो. म्हणून मधमाशीची एखादी ओझरती फेरी पुरत नाही. पाण्याचा ताण पडला तरी फळ वाकडं होतं, तेव्हा वाफसा, म्हणजे जमिनीतली ओल, तीही तपासा. हे सगळं नेहमीच्या वाणांबद्दल. हरितगृहात लावतात त्या काही वाणांना परागीभवनाशिवायच बिनबियांची फळं धरतात, तिथे उलट मधमाशी आत येऊ द्यायची नसते.

प्रश्न : मक्याच्या कणसात टोकाकडे दाणेच नाहीत. आणि शेजारी पिवळा मका आहे, त्यामुळे आमच्या पांढऱ्या मक्यात पिवळे दाणे येतात, हे खरं का?

दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच. कणसाचा प्रत्येक केस एका दाण्याचा असतो. तुऱ्यातला परागकण त्या केसावर पडला तरच तो दाणा भरतो. टोकाकडच्या दाण्यांचे केस सगळ्यात शेवटी बाहेर येतात. त्या दिवसांत पाण्याचा ताण पडला तर केस आणखी उशिरा निघतात आणि तोवर तुऱ्यातली भुकटी संपलेली असते. तुरा पडताना पाणी चुकवू नका, आणि मका एका लांब ओळीत न लावता चार-सहा ओळींच्या पट्ट्यात लावा. परागीभवन झालं की नाही ते घरच्या घरी कळतं. तुरा फुलून गेल्यावर काही दिवसांनी एक कणीस काढा, पानं अलगद सोलून कणीस हलवा. दाणा धरलेले केस झडून पडतात, बाकीचे चिकटून राहतात.

शेजारच्या मक्याचं म्हणणं अगदी खरं आहे. परागकणातून दोन नरपेशी आत जातात. एकीपासून अंकुर तयार होतो, दुसरीपासून दाण्यातला पिठूळ भाग. या दुहेरी फलनाचा शोध रशियन शास्त्रज्ञ नवाशिन यांनी 1898 मध्ये लावला. मक्याचा पिवळा रंग त्या पिठूळ भागात असतो, म्हणून बापाचा रंग त्याच हंगामात कणसावर उमटतो.

प्रश्न : मग दुधीशेजारी कडू वाण असेल तर आमचा दुधीही कडू होईल?

या हंगामात नाही. दुधीचा गर आईच्या वेलीचा, परागकणाचा वाटा फक्त बीमध्ये. पण तेच बी पुढच्या वर्षासाठी धरलंत तर त्या वेलींना कडू फळं येऊ शकतात. घरचं बी हवं असेल तर उद्या उमलणारी नर आणि मादी कळी आजच दोऱ्याने किंवा पिशवीने बंद करा, उमलायच्या वेळी हाताने परागीभवन करून मादी फूल पुन्हा झाका आणि देठाला खूण बांधा. संकरित वाणाचं बी मात्र असं जपूनही उपयोग नाही, पुढची पिढी एकसारखी येत नाही. आणि कडू लागलेला दुधी खाऊ नका, रसही पिऊ नका. तो कडवटपणा विषारी असतो.