गेटचं मशीन गाडीच्या पत्र्याला चालेल का?

प्रश्न : माझी २००४ सालची मारुती ८०० आहे. आम्ही देवगडला राहतो. खाऱ्या हवेनं ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा पंजाएवढा सडलाय. घरी गेटच्या कामाचं आर्क मशीन आहे. त्यावर भागेल, की दुसरं काही घ्यावं?

उत्तर : त्या मशीननं हे काम करू नका. गाडीचा पत्रा जेमतेम पाऊण मिलिमीटर. अडीच मिलिमीटरचा रॉड टेकवला की भोक पडतं, ते बुजवायला जावं तर शेजारी दुसरं.

सिंगल फेजवर चालणारं मिग मशीन घ्या, म्हणजे रॉडऐवजी बारीक वायर आपोआप पुढे सरकते आणि गॅसच्या आडोशात वेल्ड होतं ते. दुकानदार २०० अँपिअरचा आकडा दाखवेल. तुम्ही करंट ३०-४० पर्यंत खाली येतो का ते विचारा. वायर ०.८ मिलिमीटरची, ०.६ मिळाली तर फारच छान. बिनगॅसची फ्लक्स वायर घेऊ नका, पातळ पत्रा ती लवकर जाळते.

सलग वेल्डिंग मात्र कधीच मारू नका. शिकाऊ असताना मी एका जीपच्या दाराला वीतभर सलग मारलं. थंड झाल्यावर पत्रा बोटानं दाबला की टक् करून आत, सोडला की टक् करून बाहेर. दोन दिवस ठोकूनही तो ताठ झाला नाही, शेवटी दुसरं दार आणावं लागलं. तेव्हापासून मी एक टाका (वेल्डचा छोटा ठिपका) इथे, पुढचा समोरच्या बाजूला असाच मारतो, आणि पत्र्याला हात लावता येईल इतका निवू देतो.

ग्राइंडर चार इंची, त्याला एक मिलिमीटरची कटिंग चकती आणि घासायला फ्लॅप डिस्क. हातोडी आणि डॉली (ठोकताना पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) चांगली घ्या, जन्मभर पुरते. सडका भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा. गंजावर टाका धरत नाही. ठिगळ २० गेजच्या सीआर (बिनमुलाम्याच्या साध्या) पत्र्याचं. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला) पत्रा नको, त्याच्या जस्ताच्या धुरानं थंडी वाजून ताप भरतो.

काम सुरू करण्याआधी बॅटरी सोडवा, सीट आणि गालिचा बाहेर काढा, पेट्रोलची आणि ब्रेकची नळी कुठून जाते ते गाडीखाली जाऊन बघा, पाण्याची बादली जवळ ठेवा. झाल्यावर दोन्ही बाजूंनी प्रायमर आणि सांध्यात सीलंट, नाहीतर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच.

गंज सीट बेल्टच्या बोल्टपर्यंत किंवा गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या दांड्यापर्यंत पोचला असेल, तर तेवढं काम जाणत्या डेंटरकडूनच करून घ्या.