गरोदरपणात समुद्री शेवाळ खाल्लं तर चालतं का?

तुम्ही लिहिलंय की चौथा महिना चालू आहे, महिनाभर रोज भाजलेल्या नोरीचं (सुशीला गुंडाळतात त्या पातळ शेवाळाचं) एक छोटं पाकीट खाताय आणि आठवड्यातून तीन-चारदा घरी शेवाळ उकळून सूप करताय. आता कुणीतरी ‘पोटुशीने शेवाळ खाणं म्हणजे बाळाला विष’ असं म्हणालं आणि तुमची झोप उडालीय.

नोरीची काळजी करू नका. सूपाच्या शेवाळाचं पाकीट मात्र आत्ताच उठून बघा आणि त्यावर कुठलं नाव आहे ते वाचा. बाकी सगळं त्या नावावर अवलंबून आहे.

‘समुद्री शेवाळ’ म्हणणं हे नुसतं ‘पाला’ म्हणण्यासारखं आहे. कुठला पाला, ते कळल्याशिवाय चांगला-वाईट काय सांगणार? काळजी असते ती त्यातल्या आयोडीनची, कारण ते फार झालं तर थायरॉइड बिघडू शकतो. नोरी हे लाल जातीचं शेवाळ. त्यात ग्रॅममागे साधारण १६ ते ४० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं. तुमचं छोटं पाकीट ४-५ ग्रॅमचं धरलं तरी दिवसाला शे-दोनशे मायक्रोग्रॅमच्या वर ते सहसा जात नाही. कोम्बू, म्हणजे केल्प, हे तपकिरी शेवाळ. त्याच्या एका ग्रॅममध्ये दोन हजार मायक्रोग्रॅम किंवा त्याहूनही जास्त आयोडीन असू शकतं. जागतिक आरोग्य संघटनेने गरोदर बाईसाठी दिवसाची गरज सांगितलीय २५० मायक्रोग्रॅम. म्हणजे एका ग्रॅममध्येच आठवड्याभराचा साठा! सूपात आपण टाकतो ती चांगली बोटभर लांब पट्टी.

हे मी इतकं कळकळीने लिहितेय कारण मी स्वतः यात फसले होते. दुसऱ्या वेळी मला पहिले तीन महिने काहीच पोटात ठरत नव्हतं, फक्त कोम्बूचं गरम पाणी ठरायचं. मग मी ते रोजच करायला लागले. पट्टी अर्धा तास उकळायची, नंतर ती काढून टाकायची आणि पाणी प्यायचं. शेवाळ तर फेकूनच देतेय, मग ते खाल्लं असं कुठे होतं, हा माझा हिशोब. पाचव्या महिन्यात टीएसएच (थायरॉइड मंदावला की वाढणारा रक्तातला आकडा) ६.८ आला, म्हणजे जास्त. आधी कधी थायरॉइडचा त्रास नव्हता. डॉक्टरांनी गोळ्या विचारल्या, मीठ विचारलं. सूपाचं मला सुचलंच नाही, कारण माझ्या लेखी ते औषधही नव्हतं आणि ‘वेगळं काही’ही नव्हतं. पुढे आहारतज्ज्ञ बाईंनी सकाळपासून रात्रीपर्यंतचं एकेक विचारत नेलं तेव्हा ते बाहेर आलं. कोम्बू उकळलं की त्यातलं बहुतेक आयोडीन पाण्यात उतरतं. मी चोथा फेकत होते आणि अर्क पीत होते. सूप थांबवल्यावर महिन्याभराने आकडा खाली आला. सगळं एकट्या कोम्बूमुळेच झालं असं छातीठोकपणे म्हणता येणार नाही, पण मी दुसरं काही बदललं नव्हतं.

जास्त आयोडीनने थायरॉइड वाढायच्या ऐवजी मंद कसा होतो, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता, तुम्हालाही पडेल. आयोडीन अचानक खूप आलं की थायरॉइड ग्रंथी स्वतःच हॉर्मोन बनवणं थांबवते, म्हणजे दार लावून घेते. वोल्फ आणि चायकॉफ या दोन शास्त्रज्ञांनी १९४८ मध्ये हे दाखवून दिलं, म्हणून त्यांच्याच नावाने ते ओळखलं जातं. निरोगी मोठ्या माणसाची ग्रंथी काही दिवसांत त्यातून सावरते आणि पुन्हा कामाला लागते. पोटातल्या बाळाचं तसं नाही. त्याची ग्रंथी दहाव्या-बाराव्या आठवड्यापासून आयोडीन ओढायला लागते, पण जास्तीच्या आयोडीनमधून सावरायची ताकद तिला साधारण ३६व्या आठवड्यापर्यंत पुरती आलेली नसते. नाळेतून आयोडीन तर सहज पलीकडे जातं. म्हणून आईचे रिपोर्ट ठीक असले तरी बाळाची ग्रंथी दबलेली असू शकते. जन्मल्यावर बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन थायरॉइड तपासतात ती चाचणी त्यामुळेच चुकवू नका, आणि गरोदरपणात कोम्बू झालं होतं हे बालरोगतज्ज्ञांच्याही कानावर घाला. अशा बाळांचा थायरॉइड पुष्कळदा तात्पुरताच मंद असतो, पण तो वेळेत कळायला हवा.

एवढं वाचून कृपा करून आयोडीनयुक्त मीठ बंद करू नका! ही उलटी चूक मी दोघी-तिघींना करताना पाहिलंय. बाळाच्या मेंदूच्या वाढीला थायरॉइडचं हॉर्मोन लागतं, पहिले काही महिने तर ते आईकडूनच मिळतं, आणि आयोडीनशिवाय ते बनत नाही. कमतरतेचं नुकसान जास्तीच्या नुकसानापेक्षा हलकं नाही. वरची मर्यादा देशोदेशी वेगळी सांगतात. अमेरिकन थायरॉइड असोसिएशन म्हणते की गरोदर बाईने दिवसाला ५०० मायक्रोग्रॅमच्या वर सतत जाऊ नये. मी तोच आकडा धरून चालले. त्यात तुमची गरोदरपणातली मल्टीव्हिटॅमिनची गोळीही मोजा, कारण पुष्कळशा गोळ्यांत १५० मायक्रोग्रॅम असतंच. तेव्हा रोजच्या नोरीऐवजी एक दिवसाआड केलीत तर हिशोब आरामात बसेल. रोज खाल्लीत म्हणून आजवर काही बिघडलं असं मला वाटत नाही.

सूपाचं शेवाळ वाकामे निघालं, म्हणजे पाण्यात टाकल्यावर हिरवंगार फुलणारी मऊ पानं, तर घाबरायचं कारण नाही. त्यात ग्रॅममागे साधारण ३० ते १५० मायक्रोग्रॅम आयोडीन असतं आणि एका वाडग्याला सुकं एक-दोन ग्रॅमच पुरतं. तरी तेही तपकिरी जातीचंच, आणि ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची अन्न मानक संस्था गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांना तपकिरी शेवाळ आठवड्यातून एकदाच खायला सांगते. मला तो सल्ला पटतो, पाळायलाही सोपा आहे. कोम्बू निघालं तर मात्र आजपासून बंद. तयार सूपाच्या पुडीत ‘कोम्बू अर्क’ किंवा ‘केल्प’ लिहिलंय का, तेही बघा.

हिजिकी नावाचं एक काळं, चहापत्तीच्या काड्यांसारखं शेवाळ मिळतं. ते गरोदर असा वा नसा, खाऊच नका. त्यात अजैविक आर्सेनिक असतं, ते भिजवून पाणी फेकलं तरी पूर्ण जात नाही. ब्रिटन आणि कॅनडाच्या अन्न खात्यांनी आपल्या लोकांना ते खाऊ नका असं स्पष्ट सांगितलंय.

केल्पच्या गोळ्या आणि पावडर ‘नैसर्गिक आयोडीन’ म्हणून विकतात, त्याही नकोत. एका गोळीत किती आयोडीन आहे याचा भरवसा नसतो. स्पिरुलिना हे समुद्री शेवाळ नव्हेच, त्याचे प्रश्न वेगळे आहेत, ते डॉक्टरांना विचारूनच. डीएचएसाठी (हे ओमेगा-३ जातीचं स्निग्ध द्रव्य) शैवालाचं तेल दिलं असेल तर ते खुशाल घ्या, तेलात आयोडीनची भानगड येत नाही. जेली घट्ट करायला वापरतात ते अगर-अगरही शेवाळाचंच, पण शुद्ध करताना त्यातलं आयोडीन जवळजवळ निघून जातं. सुशी खात असाल तर तिथे धोका नोरीचा नसून आतल्या कच्च्या माशाचा असतो. शिजवलेल्या माशाची किंवा भाज्यांची घ्या.

डॉक्टरांकडे जाताना ‘मी शेवाळ खाते’ एवढंच सांगू नका. पाकीट घेऊन जा किंवा त्याचा फोटो दाखवा. किती, कसं आणि किती आठवडे ते सांगा, आणि टीएसएच व फ्री टी-४ (थायरॉइड हॉर्मोनची रक्तचाचणी) करून घ्यायचं का ते विचारा. आकडा गरोदरपणाच्या मर्यादेशी ताडून बघायचा असतो, प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली मर्यादा बऱ्याचदा साध्या माणसाची असते. थायरॉइडची गोळी आधीपासून चालू असेल किंवा थायरॉइडविरुद्धच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह असतील तर ही भेट पुढे ढकलू नका, पण गोळीचा डोस स्वतःच्या मनाने बदलूही नका.

कोम्बूचं पाकीट उरलं असेल तर फेकायची गरज नाही. कोरड्या जागी घट्ट बंद करून ठेवलं की ते वर्षानुवर्षं टिकतं. अंगावरच्या दुधातूनही आयोडीन बाळाकडे जातं, त्यामुळे बाळंतपण झालं की लगेच उघडू नका. माझं पाकीट धाकटीचं अंगावरचं पूर्ण सुटेपर्यंत कपाटात पडून होतं.