युरोपीय संघाचे कायदे कुठे अडतात? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : युरोपीय संसदेत ७२० खासदार असताना एकटा हंगेरी सगळ्यांना कसा अडवू शकला?

बाजारपेठ, पर्यावरण, ग्राहकांचे हक्क यांवरचे बहुतेक कायदे संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद मिळून करतात. तिथे एका देशाच्या विरोधाने काही थांबत नाही. परिषदेत २७ पैकी १५ देश आणि संघाची ६५ टक्के लोकसंख्या पाठीशी असली की पुरतं. परराष्ट्र धोरण, करआकारणी आणि नव्या देशाचा प्रवेश या बाबतीत मात्र एका सरकारचा विरोधही सगळं थांबवतो, आणि प्रवेशाला लागणारी संमती सोडली तर तिथे संसदेच्या हातात फारसं काही नसतं.

डिसेंबर २०२३ मधली सदस्य देशांच्या नेत्यांची ब्रसेल्सची बैठक आठवा. युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची होती. हंगेरीचे पंतप्रधान व्हिक्टर ओर्बान त्या वेळी दालनाबाहेर गेले आणि उरलेल्या २६ जणांनी निर्णय घेतला. त्याच रात्री ओर्बान यांनी युक्रेनसाठीची ५० अब्ज युरोंची मदत मात्र रोखली. ती मंजूर व्हायला १ फेब्रुवारी २०२४ उजाडला. युद्धात होरपळणाऱ्या देशाला इतके आठवडे ताटकळत ठेवणं मला अक्षम्य वाटतं. माल्टासारख्या छोट्या देशाला नकाराधिकार हेच कवच वाटतं, हे मी समजू शकतो. तरीही परराष्ट्र धोरणातून तो गेलाच पाहिजे. अडचण अशी, की तो काढून टाकायलाही सगळ्यांचं एकमत लागतं.

प्रश्न : पुण्याजवळ आमचा नट-बोल्टचा छोटा कारखाना आहे, माल जर्मनीला जातो. कार्बन कर आम्हाला भरावा लागेल का?

थेट नाही. माल बनताना झालेल्या कार्बन उत्सर्जनावर युरोपीय संघ आयातीला लावतो तो हा भार. पैसे तिथला आयातदार भरेल, पण हिशेब तुमच्याकडे मागेल. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खतं, वीज आणि हायड्रोजन यांना ही व्यवस्था १ जानेवारी २०२६ पासून पूर्णपणे लागू झाली. पोलादी नट-बोल्टही तिच्यात येतात. हे पैसे प्रमाणपत्रं विकत घेऊन भरायचे असतात; २०२६ च्या आयातीसाठीची प्रमाणपत्रं फेब्रुवारी २०२७ पासूनची. उत्सर्जनाचे तपासलेले आकडे तुम्ही दिले नाहीत, तर ठरावीक आकडे धरले जातात आणि ते बहुधा तुमच्या तोट्याचे असतात.

म्हणून आजच आपल्या पोलाद पुरवठादाराला गाठा. बोल्टच्या हिशेबात तुमच्या यंत्रांपेक्षा मूळ पोलाद बनताना झालेलं उत्सर्जनच जास्त भरतं. तुमचा ग्राहक वर्षभरात सगळीकडून मिळून असा ५० टनांपर्यंतच माल आणत असेल, तर त्याला सूट आहे. तेही विचारून घ्या.

युरोपातल्या पोलाद कारखान्यांना उत्सर्जनाचे परवाने घ्यावे लागतात, त्यामुळे बाहेरच्या मालालाही तोच भार लावण्यामागचं तत्त्व मला पटतं. पण ५० टनांची ही सूट देताना तिथल्या कायदेकर्त्यांनी युरोपातल्या लहान आयातदारांचा विचार केला. मोजमाप आणि तपासणीचा खर्च सोसणारा इथला लघुउद्योजक त्यांच्या डोळ्यांसमोर नव्हता. हा अन्याय आहे आणि भारताने तो प्रत्येक चर्चेत मांडत राहायला हवं.

प्रश्न : स्थलांतराच्या नव्या कायद्यांनी इटली-ग्रीसवरचा ताण कमी होईल?

थोडाफार. २०२४ मध्ये मंजूर झालेले हे कायदे जून २०२६ पासून लागू करायचे ठरले. इतर देशांनी आश्रयार्थींना घ्यावं, किंवा माणशी २०,००० युरो द्यावेत, किंवा अन्य मदत करावी. पोलंड आणि हंगेरी विरोधात होते. मला चिंता आहे ती सीमेवरच आश्रयाचे अर्ज निकाली काढणाऱ्या जलद प्रक्रियेची : तिच्यात मुलं असलेली कुटुंबंही कित्येक आठवडे अडकून पडू शकतात.

प्रश्न : या सगळ्याला पैसा कुठून येणार?

संघाचा खर्च सदस्य देशांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण १ टक्का. त्यातच कोविडनंतर घेतलेलं कर्ज २०५८ पर्यंत फेडायचं आहे. २०२८ ते २०३४ साठी युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी यंत्रणेने, जुलै २०२५ मध्ये सुमारे २ लाख कोटी युरोंचा प्रस्ताव मांडला. उत्पन्नाचं नवं साधन हवं असेल तर पुन्हा एकमत, शिवाय प्रत्येक देशात स्वतंत्र मंजुरी. आणि संसद? सात वर्षांच्या या आराखड्याला ती संमती देऊ शकते किंवा नाकारू शकते. त्यातली एक ओळही स्वतः बदलू शकत नाही.