जतच्या शाळेत विज्ञान शिकवायचंय

प्रश्न : माझं भौतिकशास्त्रात बी.एस्सी. आणि बी.एड. झालंय. जत तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेत सहावी ते आठवीला गणित-विज्ञान शिकवायची इच्छा आहे. तयारी कशी करू? – एक वाचक, मिरज

उत्तर : तू आपणहून जत मागतेयस, याचा मला फार आनंद झाला. परीक्षांचं थोडक्यात सांगते. टीईटीचा (शिक्षक पात्रता परीक्षेचा) पेपर दोन दे. १५० पैकी ६० गुण गणित-विज्ञानाचे असतात. मग २०० प्रश्नांची शिक्षक अभियोग्यता चाचणी, आणि शिक्षक भरतीच्या ‘पवित्र’ पोर्टलवर शाळांचा पसंतीक्रम.

खरी तयारी पुढेच आहे. जतच्या पूर्व भागात बऱ्याच घरांत कानडी बोलतात. निदान ‘ओंदू, एरडू, मूरू’ येऊ दे. पोरं लगेच जवळ येतात. प्रयोगशाळेवाचून अडू नकोस. बाष्पीभवनाच्या धड्याला वर्ग बेदाण्याच्या शेडवर ने. द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात का बुडवतात, ते आधी मुलांनाच विचार. सालीवरचा मेणचट थर सैल होतो, पाणी लवकर उडतं, हे बहुतेकांनी घरी पाहिलेलं असतं. त्यातूनच पुढे टक्केवारीही शिकव : ओली द्राक्षं किती, बेदाणा किती?

पहिल्या वर्षी केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, एकही शिक्षण परिषद चुकवू नकोस. तिथल्या जुन्या गणित शिक्षकाचा तास मागून घे आणि मागच्या बाकावर बसून बघ.